विमान दिसलं की वैमानिकाचा बिल्ला? पहिल्या महायुद्धातले बिल्ले ओळखताना या चुका टाळा

ऑनलाइन लिलावात एक फोटो दिसतो. अंगठ्याएवढा लंबगोल धातू, कडेला पानांची महिरप, वर मुकुट, मधोमध दुमजली पंखांचं विमान आणि खाली '१९१४–१६'. विक्रेत्याने बेधडक लिहिलेलं असतं, 'पहिल्या महायुद्धातील वैमानिकाचा दुर्मीळ अस्सल बिल्ला'. या ओळीतले दावे मोजत बसलं तर बहुतेक वेळा शेवटचा शब्द तेवढा खरा निघतो.

अशा बिल्ल्यांचं सगळ्यात मोठं पीक आलं ते ऑस्ट्रिया-हंगेरीत. तिथले सैनिक हे बिल्ले आपल्या टोपीच्या डाव्या बाजूला लावत. रेजिमेंटचा, डिव्हिजनचा, आघाडीचा, खंदकातल्या नाताळचा, सम्राटाच्या चेहऱ्याचा, असे त्यांचे शेकडो प्रकार झाले. हे सरकारने दिलेलं पदक नव्हे. तुकडीने हौसेने करवून घेतलेली किंवा सैनिकाने खिशातून पैसे टाकून विकत घेतलेली ही वस्तू होती. व्हिएन्नात गुर्शनर, विंटर अँड आडलर, ब्रूडर श्नायडर आणि बुडापेस्टला आर्कान्झास अशा कारखान्यांनी ते ठोकून काढले. कित्येक बिल्ल्यांच्या विक्रीतला वाटा विधवा, अनाथ आणि जखमींसाठी युद्धमदत कार्यालयाकडे जाई. हा मामला डोक्यात पक्का असला की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

विमान आहे, म्हणजे वैमानिकाचाच

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घाटातल्या ट्रकच्या मागे वाघ रंगवलेला असतो, म्हणून आत कोणी वाघ शोधत नाही. १९१४ साली विमान ही नवलाई होती आणि बिल्ल्याची नक्षी काढणाऱ्याला आकाशाची रिकामी जागा भरायला ते फार सोयीचं होतं. खाली डोंगर, मध्ये तोफ, बाजूला संगीन रोखलेला पायदळी आणि वरच्या कोपऱ्यात माशीएवढं विमान. असा बिल्ला तोफखान्याचा असू शकतो, पायदळाचा असू शकतो, एखाद्या अख्ख्या आर्मीचाही असू शकतो. 'आम्ही आधुनिक युद्ध लढतोय' एवढंच ते विमान सांगतं.

विमानविरोधी तोफांच्या तुकड्यांचे बिल्ले तर हमखास फसवतात. तिथे विमान मोठं आणि ठळक असतं, पण ते शिकार म्हणून. तोफेची नळी कुठे रोखली आहे, विमानाभोवती गोळे फुटल्याचे ढग दाखवलेत का, विमानाचं नाक खाली झुकलंय का, हे आधी बघा. स्वतःचं विमान पडताना दाखवून कोणी टोपीवर मिरवत नाही.

समजा, बिल्ला खरंच हवाई तुकडीचा निघाला. तरीही तो वैमानिकाचा ठरत नाही. ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्यात हवाई तुकडीला थोडक्यात 'फ्लिक' म्हणत आणि तिला क्रमांक असे. तिच्यात उडणारे मूठभर आणि त्यांच्या कितीतरी पट मेकॅनिक, सुतार, कापड शिवणारे, ड्रायव्हर, पहारेकरी. टोपीवर बिल्ला लावायला यातल्या कोणालाच बंदी नव्हती. खरं सांगायचं तर लाकडी सांगाड्यावर कापड ताणून त्यावर लेप चढवणाऱ्या कारागिराच्या टोपीवरचा बिल्ला मला वैमानिकाच्या बिल्ल्याइतकाच मोलाचा वाटतो. किंमत मात्र बाजार तशी लावत नाही.

मग खरा वैमानिकाचा बिल्ला कसा? गंमत इथेच आहे. ऑस्ट्रो-हंगेरियन फील्ड पायलटच्या सरकारमान्य बिल्ल्यावर विमानच नाही. पानांचं कडं, वर मुकुट आणि त्यावर पंख पसरलेला गरुड, अशी त्याची घडण. तो टोपीवर नव्हे, छातीवर लागे. म्हणजे टोपीच्या बिल्ल्यावर विमान ठळक दिसतं तिथे मालक बहुधा वैमानिक नाही, आणि वैमानिकाच्या छातीवर विमान सापडत नाही.

जर्मनीत उलट. प्रशिया या जर्मन राज्याच्या लष्करी वैमानिकाचा बिल्ला कैसर विल्हेल्म दुसरा याने २७ जानेवारी १९१३ रोजी, म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाला, सुरू केला. त्यात पानांच्या कड्याच्या आत जमिनीवरून उडणारं विमान आहे. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याचा बिल्ला दिसायला तसाच, मुकुट तेवढा बव्हेरियाचा. निरीक्षकाच्या, म्हणजे मागे बसून नकाशे आणि फोटो सांभाळणाऱ्याच्या बिल्ल्यावर विमान नसून काळ्या-पांढऱ्या मिन्याचे चौकोन असतात. 'जर्मन पायलट बिल्ला' म्हणून निरीक्षकाचा बिल्ला विकला जाताना सर्रास दिसतो. फसवायचा इरादा असतोच असं नाही, विकणाऱ्यालाच फरक माहीत नसतो.

विमानाच्या आकारावरून साल ठरवणं

विमानांची आवड असलेला माणूस या खड्ड्यात सगळ्यात आधी पडतो. पंखांची ठेवण बघून तो विमान ओळखतो, विमानाचं साल त्याला तोंडपाठ असतं, आणि तेच साल तो बिल्ल्याला चिकटवून मोकळा होतो.

वर सांगितलेल्या जर्मन बिल्ल्यावरचं विमान आहे टाउबे. बोहेमियातल्या इगो एट्रिख याने ते घडवलं आणि १९१० मध्ये उडवलं. पंखांचा आकार त्याने उचलला होता जावा बेटाकडच्या झानोनिया नावाच्या वेलीच्या बीवरून. कागदासारखा पातळ पंख असलेलं हे बी झाडावरून सुटलं की तरंगत दूर जातं. टाउबेचे पंख एकाच मजल्याचे, टोकांना मागे वळलेले, शेपूट पंख्यासारखं पसरलेलं. वळण्यासाठी वेगळे पडदे नव्हते, तारा ओढून पंखांची टोकंच पिळायची. याच जातीच्या विमानातून इटलीच्या जुलिओ गावोत्तीने १ नोव्हेंबर १९११ रोजी लिबियात आइन झारा इथल्या तुर्की तळावर हाताने बाँब टाकले. युद्धात विमानातून बाँब पडण्याची ती पहिली वेळ.

पण युद्ध सुरू झाल्यावर टाउबेचं तेज लवकरच उतरलं. संथ, वळायला जड, शत्रूला सोपं सावज. १९१५ पर्यंत ते आघाडीवरून मागे येऊन शिकाऊ वैमानिकांच्या वाट्याला गेलं. बिल्ल्यावर मात्र ते होतं तसंच राहिलं. १९१८ मध्ये फोकर डी-सात उडवणारा विशीतला पोरगाही छातीवर टाउबेच मिरवत होता. तेव्हा 'टाउबे आहे, म्हणजे बिल्ला १९१३-१४ चा' हा हिशोब साफ चुकतो. चित्रातल्या विमानावरून एवढंच म्हणता येतं, की बिल्ला त्या विमानाच्या जन्माआधीचा नाही. पुढची मर्यादा चित्र देत नाही.

बिल्ल्यावर कोरलेल्या सालाचंही तेच. प्रशियाच्या आयर्न क्रॉस या पदकावर १९१४ असतं. तो १९१८ च्या उन्हाळ्यात मिळाला असला तरी १९१४च, कारण ते युद्ध सुरू झाल्याचं साल आहे. टोपीच्या बिल्ल्यांवरचं '१९१४–१५' सुद्धा मोहिमेचं साल असतं आणि तोच साचा पुढे वापरात राहिलेला असू शकतो.

त्यापेक्षा पंखांवरच्या खुणा जास्त कामाच्या, अर्थात त्या वाचण्याएवढ्या मोठ्या असतील तर. पंखांवर लाल-पांढरे-लाल पट्टे असतील तर विमान ऑस्ट्रो-हंगेरियन. टोकांकडे रुंद होत जाणारा क्रॉस जर्मन विमानांवर १९१४ च्या शरदात आला, नंतर ऑस्ट्रियानेही तो घेतला. सरळ दांड्यांचा क्रॉस १९१८ च्या वसंतातला. म्हणून '१९१५' लिहिलेल्या बिल्ल्यावर सरळ दांड्यांचा क्रॉस भिंगातून स्पष्ट दिसला, तर तिथे थांबा. नक्षी काढणाऱ्याला भविष्य दिसत नव्हतं.

आकारातून साल नाही, पण दल मात्र कधीकधी कळतं. विमानाचं पोट होडीसारखं असेल, खाली लाटा असतील, तर ती नौदलाची उडती बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. ऑस्ट्रो-हंगेरियन नौदलाचा मोठा तळ एड्रियाटिकच्या काठावर पोला इथे होता आणि लोहनर कारखान्याच्या उडत्या बोटी तिथून निघत. १५ सप्टेंबर १९१६ रोजी अशा दोन बोटींनी 'फुको' ही फ्रेंच पाणबुडी बुडवली. विमानाने भर समुद्रात पाणबुडी बुडवण्याचा तो पहिलाच प्रसंग. आणि मग त्याच विमानांनी पाण्यावर उतरून बुडणाऱ्या फ्रेंच खलाशांना आधार दिला. सगळे वाचले. अशी विमानं बिल्ल्यावर दिसली की 'लष्करी हवाई दल' असं लिहिण्याआधी लाटा शोधा.

फुगा, सॉसेज आणि झेपेलिन

लांबट फुगीर आकार दिसला की लोक 'झेपेलिन' म्हणून मोकळे होतात. खालून दोर निघून जमिनीवरच्या गाडीपर्यंत जातो का ते बघा. जात असेल तर तो बांधलेला टेहळणी फुगा. त्याच्या मागच्या टोकाला खाली एक फुगीर पिशवी लोंबते, कारण वाऱ्यात तो स्थिर राहायला हवा. त्यात बसलेला माणूस आपल्या तोफांचे गोळे कुठे पडतायत ते दूरध्वनीवरून सांगे. झेपेलिनला दोर नसतो, पोटाखाली माणसांच्या आणि इंजिनांच्या खोल्या असतात, शेपटाला पाती असतात. किमतीत या दोघांत बरंच अंतर पडतं, हे विक्रेत्यांना चांगलं ठाऊक आहे.

अक्षरांकडे काणाडोळा

चित्र मोठं असतं, अक्षरं बारीक, म्हणून ती सुटतात. ऑस्ट्रिया-हंगेरीत एका सम्राटाच्या हाताखाली सैन्याच्या तीन वेगळ्या शाखा होत्या. 'के.उ.के.' म्हणजे दोन्ही राज्यांचं सामायिक सैन्य, 'के.के.' म्हणजे ऑस्ट्रियाचं स्वतःचं सैन्य लांडवेअर, आणि 'एम.किर.' म्हणजे हंगेरीचं स्वतःचं सैन्य होनवेद. हवाई दल सामायिक सैन्याचा भाग होतं. त्यामुळे विमानाच्या जोडीला 'एम.किर.' दिसलं तर तो होनवेदच्या एखाद्या पायदळ किंवा तोफखाना तुकडीचा बिल्ला असण्याची शक्यता जास्त. बिल्ला खोटा ठरत नाही, ओळख बदलते.

सम्राटाची आद्याक्षरंही वाचा. फ्रान्झ योझेफ २१ नोव्हेंबर १९१६ रोजी वारला आणि कार्ल गादीवर आला. कार्लचं 'के' असलेला बिल्ला त्याआधीचा असू शकत नाही. फ्रान्झ योझेफच्या अक्षरांचा मात्र नंतरही विकला गेला असेल, कारखान्यातला माल कोणी फेकून देत नाही.

'के.एफ.ए.' ही तीन अक्षरं मागे किंवा कडेला दिसली की काहीजण नाक मुरडतात, 'हा तर देणगीचा बिल्ला' म्हणून. ती युद्धमदत कार्यालयाची खूण आहे. असे बिल्ले सैनिकांनीही लावले, घरच्यांनीही लावले. ते त्याच काळातले आणि अस्सल आहेत. फक्त त्यांच्यामागे एखाद्या वैमानिकाची कहाणी जोडून किंमत वाढवू देऊ नका.

ब्रिटिश बिल्ल्यांचा मुकुट

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात ऑस्ट्रियन बिल्ले क्वचित, ब्रिटिश मात्र ढिगाने. त्यात रॉयल फ्लाइंग कोअरचे, म्हणजे आर.एफ.सी.चे बिल्ले फार मागणीचे. हे दल १९१२ च्या एप्रिलमध्ये उभं राहिलं आणि १ एप्रिल १९१८ ला नौदलाच्या हवाई शाखेसह रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झालं. वैमानिकाचे दोन पंख १९१३ पासून, आणि निरीक्षकाचा 'ओ' अक्षराला जोडलेला एकच पंख १९१५ पासून.

१९१२ ते १९१८ या काळात ब्रिटनच्या गादीवर राजा होता, राणी नव्हती. त्यामुळे आर.एफ.सी.च्या बिल्ल्यावरचा मुकुट ट्यूडर पद्धतीचा, कमानी घुमटासारख्या गोल चढलेल्या. मुकुटाचा माथा मधोमध दबलेला, दोन्ही खांदे वर आलेले असतील तर तो सेंट एडवर्डचा मुकुट. तो एलिझाबेथ राणीच्या काळातला, १९५२ नंतरचा. असा मुकुट आणि 'आर.एफ.सी.' ही अक्षरं एकाच बिल्ल्यावर दिसली तर वाद घालत बसू नका, पुढच्या टेबलाकडे जा. एक नवी अडचण मात्र झाली आहे. चार्ल्स राजाने ट्यूडर मुकुट परत आणल्यामुळे गोल घुमट दिसला म्हणजे जुना, असं रॉयल एअर फोर्सच्या बिल्ल्यांबाबत आता म्हणता येत नाही.

या दलात आपली माणसंही होती. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर आर.एफ.सी.त शिरले, २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होते आणि १९१८ च्या जूनमध्ये गेले. पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, कोलकात्याचे इंद्रलाल रॉय एस.ई.-पाच विमानात मारले गेले, तेव्हा ते विशीचेही नव्हते. नेमकी हीच नावं आता विक्रीच्या वर्णनात डोकावतात. 'भारतीय वैमानिकाच्या घराण्यातून आलेले पंख' असं लिहिलं असेल तर कागद मागा. पत्र, फोटो, नेमणुकीचा आदेश, काहीही. नुसत्या बिल्ल्यावर माणसाचं नाव नसतं.

कापडी आणि जरीच्या पंखांबद्दल तर दुप्पट सावध राहा. बनारस आणि सियालकोट इथले कारागीर आजही जगभरच्या सैन्यांसाठी जरीचे बिल्ले भरतात, आणि त्यांचा हात इतका सुंदर आहे की चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला त्यांचा बिल्ला शंभर वर्षांचा म्हणून सहज खपतो. अतिनील दिव्याखाली धरून बघा. पांढरा धागा निळसर झगमगला तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर रुळलेली उजळवणारी रसायनं आहेत. न झगमगला म्हणून जुना ठरतो असं नाही, पण झगमगला तर प्रश्न मिटला.

आणि शिंपल्याच्या चकतीवर किंवा सोन्यात केलेले नाजूक पंख? ते सैनिकाचे नव्हेतच. आघाडीवर गेलेल्याने मैत्रिणीला, आईला, बायकोला दिलेली ती पिन आहे. तशी म्हणूनच घ्या, फार गोड वस्तू असते.

पुढूनच बघणं

चित्र शेवटी वाचावं, आधी मागची बाजू. जुना बिल्ला पोलादी साच्याने ठोकून काढलेला असतो, नक्कल बहुधा ओतलेली. दहापट भिंग घ्या आणि विमानाच्या दोन पंखांमधल्या तारा बघा. ठोकलेल्या बिल्ल्यात ती तार केसासारखी बारीक पण कडा धरून उभी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंची जमीन सपाट, घट्ट असते. ओतीव नकलेत तार वितळल्यासारखी जमिनीत उतरते, जमीन रवाळ दिसते आणि कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी हवेची भोकं असतात. मग कड पाहा. पत्र्यातून कापून काढलेल्या बिल्ल्याच्या कडेचा एक भाग गुळगुळीत आणि उरलेला फाटल्यासारखा खरखरीत असतो. ओतीव बिल्ल्याच्या कडेला कानशीचे चरे सापडतात. ओतीव धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळच्यापेक्षा किंचित लहान भरते. खात्रीचा नमुना हाताशी असेल तर व्हर्नियरने मोजा.

कारखान्याचं नाव मागे आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. साचा खऱ्या बिल्ल्यावरून घेतला तर नावही आपसूक येतं, फक्त त्याची अक्षरं सुजल्यासारखी दिसतात.

धातूवरून निकाल देण्याची घाई नको. युद्ध लांबलं तसं तांबं तोफगोळ्यांकडे गेलं आणि बिल्ले जस्ताचे, लोखंडाचे होऊ लागले. 'हलका, करडा, म्हणजे नकली' असं म्हणून लोकांनी चांगले बिल्ले सोडले आहेत. उलट बाजूही आहे, आजच्या स्वस्त नकलाही जस्ताच्या मिश्रधातूच्याच असतात. फरक त्वचेत असतो. जुनं जस्त मंद करडं पडतं, खोलगट भागात पांढुरकी पूड धरतं. नकलेवर चकचकीत मुलामा असतो आणि 'जुनेपणा' वरून फासलेला, खाचांतही तेवढाच आणि उंचवट्यांवरही तेवढाच. खरा बिल्ला उंचवट्यांवर झिजतो.

रंगीत मिना काचेचा असतो, भट्टीत भाजलेला. तो गार, कठीण, आणि टवका उडाला तर धारदार उडतो. सुईचं टोक हलकेच टेकवल्यावर रुतलं तर ते रेझिन आहे. अर्थात हा प्रयोग विकत घेतल्यावर, दुसऱ्याच्या मालावर नव्हे.

चिंच, लिंबू आणि पितांबरी

आपल्या घरात पितळ काळं पडलेलं कोणालाच बघवत नाही. बिल्ला घरी येतो आणि संध्याकाळी चिंचेच्या कोळात पडतो. पितळेचा असेल तर शतकभराचा रंग जातो आणि किंमतही. चांदीचा मुलामा असेल तर पावडरीने घासून खालचं पिवळं वर येतं. आणि जस्ताचा असेल तर कोळात बारीक बुडबुडे दिसू लागतात. ते मळ निघाल्याचे नाहीत, आम्लात जस्त विरघळतंय त्याचे आहेत. वर काढल्यावर पृष्ठभाग डागाळलेला, खडबडीत आणि विमानाच्या तारा गायब. त्यावर कसलाही उपाय नाही.

मऊ कोरडा ब्रश पुरे. हिरवा गंज धरला असेल तर टूथपिकच्या लाकडी टोकाने सावकाश, जेवढा सुटेल तेवढाच. मिन्याचे बिल्ले अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू नका, केसाएवढी चीर असेल तर टवका निघून येतो.

ठेवताना पी.व्ही.सी.च्या मऊ पाकिटांपासून लांब राहा. त्यातून सुटणाऱ्या रसायनांनी धातूवर चिकट हिरवा थर चढतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, आणि त्या बदलायला विसरू नका. लाकडी कपाटही जस्ताला बाधतं, लाकडातून आम्लाची वाफ निघत असते.

घेताना, विकताना

विक्रेत्याकडून पुढचा एक फोटो पुरेसा नाही. मागची बाजू, कड, पिनेचा डाग दिलेली जागा आणि शेजारी मोजपट्टी, एवढे फोटो मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

परदेशी ग्राहक चांगला भाव देतो म्हणून बिल्ला पोस्टाने पाठवण्याचा विचार असेल, तर एक गोष्ट बघून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि खासगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही. हे बिल्ले ती शंभरी ओलांडून बसले आहेत. पार्सल बांधण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या जवळच्या कार्यालयात दाखवून लेखी काय मिळतं ते विचारा. बिल्ला नकली निघाला तर तसा दाखला मिळण्याची वाट तिथूनच जाते.